सोमवार, बुधवार, शुक्रवार

निशा बापाला ‘तुम्ही’ म्हणायची. आईला तू, आजीला तू, वाडीतल्या चुलत्यांनाही तू. पण पप्पांना तुम्ही. त्यात आदर किती होता कोण जाणे, ओळख मात्र कमी होती. सयाजी बावीस वर्षं मुंबईत एका कंपनीच्या कँटीनमध्ये स्वयंपाकी होता. डोंगरावरच्या कुडपण गावी यायचा तो गणपतीत दहा दिवस आणि शिमग्याला चार. येताना मुलीला फ्रॉक आणायचा. तो हमखास आखूड व्हायचा, कारण दुकानात उभा राहून तो हाताने जी उंची दाखवायचा ती मागच्या गणपतीतली असायची.

निशा दहावी पास झाली त्या जूनमध्ये सयाजी कायमचा परत आला. पाय सुजलेले, तोंड सुजलेलं, चार पावलं चाललं की धाप. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की दोन्ही किडन्या निकामी झाल्यात, आता आठवड्यातून तीन दिवस मशीनवर रक्त साफ करून घ्यायचं, आणि हे कायमचं. मुंबईत तो बाराजणांच्या खोलीत राहत होता. तिथे आजारी माणसाचं कोण करणार?

पुढचं सगळं त्याच्या बायकोने, रूपालीने ठरवलं.

“मशीन महाडला हाय, फुकट होतंय. हिचं अकरावीचं कॉलेज महाडलाच. रामाभावजींची पोलादपुरातली खोली बंदच पडलीय. तुम्ही दोघं तिथं राहा.”

“आणि तू?” सयाजीने विचारलं.

“आईंना कोण बघणार? म्हशींना कोण बघणार?”

सयाजीची आई साळूबाई काठी धरून जेमतेम उंबऱ्यापर्यंत यायची. नाचणी लावायची होती, भात लावायचं होतं. प्रश्नच नव्हता. रूपाली एवढं बोलून गोठ्यात गेली आणि नेहमीपेक्षा बराच वेळ आत राहिली. नवरा कायमचा घरी आला होता, आणि पाच दिवसांत तिने त्याला खाली पाठवून दिलं.

पोलादपूरची खोली म्हणजे एकच खोली, मागे मोरी आणि पुढे दीड हात ओटा. निशाने मधे दोरी बांधून आईचं जुनं लुगडं टाकलं. पलीकडे ती, अलीकडे पप्पा. तिला कपडे बदलायचे असले की तो न सांगता बाहेर ओट्यावर जाऊन उभा राहायचा, पावसातसुद्धा. पहिले काही दिवस दोघं एकमेकांशी पाहुण्यासारखं बोलत.

“चहा घेणार?”

“चालेल.”

“कॉलेजात शिकवतात का नीट?”

“हो.”

स्वयंपाक तो करायचा. निशाला याचं नवल वाटलं. तिच्या माहितीतल्या कुठल्याच बापाला साधी भाकरी थापता येत नव्हती, आणि हा चपात्या लाटायचा त्या कंपासने काढल्यासारख्या गोल. पण त्याचा हात शंभर माणसांच्या स्वयंपाकाला सरावलेला. दोन माणसांचा अंदाज त्याला काही केल्या येईना. पहिला आठवडाभर शेजारच्या तीन घरांत भाजी वाटावी लागली.

तो दोन पातेली चढवायचा. मोठ्यात निशाची भाजी, मीठ-मसाल्याची. लहानात त्याची स्वतःची, अळणी. बटाटा असला तर तो चिरून, तासभर पाण्यात ठेवून, उकळून, पाणी ओतून टाकून मगच खायचा. निशाची भाजी झाली की तो तिला चव बघायला बोलवायचा, कारण त्याला जिभेवर मीठ ठेवायची मनाई होती.

“बघ गो, मीठ बरोबर हाय का.”

“बरोबर आहे.”

कधी कमी असायचं, कधी जास्त. ती बरोबरच म्हणायची.

सोमवार, बुधवार, शुक्रवार. पहाटे उठून साडेसहाची एस.टी. धरायची, सव्वासातला महाड. डायलिसिस सेंटर बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. निशा त्याला दारापर्यंत सोडायची आणि आठच्या तासाला कॉलेजात पळायची. पावणेएकला परत यायची तेव्हा तो बाहेरच्या बाकावर बसलेला असायचा, चेहरा राखेसारखा. मग दोघं परतीची गाडी पकडायची. सुरुवातीला त्याच्या मानेत नळी होती, तिच्यावर पांढरी पट्टी. रस्त्यात लोक बघायचे. निशा दहा पावलं पुढे चालायची. त्याच्या ते लक्षात आलं, आणि तो मुद्दामच आणखी सावकाश चालू लागला, म्हणजे पुढे राहायला तिला घाई करावी लागू नये.

सेंटरवर वैदेही नावाची टेक्निशियन होती. महाडचीच, तिशीची, कडक. पहिल्याच महिन्यात तिने निशाला आत बोलावून घेतलं.

“घरी तूच आहेस ना यांच्याबरोबर? मग नीट ऐक. दिवसाला पाऊण लिटर पाणी. त्यात चहा आला, आमटी आली, गोळी घ्यायचा घोटही आला. लघवी होत नाही, तेव्हा प्यायलेलं सगळं अंगातच राहतं. ते फुप्फुसात गेलं तर माणूस जातो. कळलं?”

निशाने एक लिटरची बाटली घेतली आणि पाऊण लिटरवर नेलपॉलिशने रेघ ओढली.

पुढे मानेतली नळी निघाली आणि डाव्या हाताची शीर ऑपरेशन करून धमनीला जोडून घेतली. मशीनच्या सुया तिथे टोचायच्या. वैदेहीने निशाची दोन बोटं धरून त्या शिरेवर ठेवली.

“लागतेय थरथर? रोज एकदा बघायची. थांबली तर लगेच घेऊन यायचं, उद्यावर टाकायचं नाही.”

त्या संध्याकाळी खोलीवर निशाने पप्पांच्या मनगटावर बोटं ठेवली. शेवटचा कधी आपण यांचा हात धरला होता, हे तिला आठवेना. कातडीखाली काहीतरी सारखं गुणगुणत होतं.

“मांजर गुरगुरल्यासारखं वाटतंय,” ती म्हणाली.

सयाजी हसला. “मग दूध घालाया पायजे त्याला. ते पण मापात.”

हे त्यांचं पहिलं हसणं.

ऑगस्टमध्ये एकदा निशा कॉलेजातून आली ती लुगड्यापलीकडे जाऊन पडून राहिली. जेवली नाही. पोटात दुखतंय म्हणाली. गावी असती तर आईला सांगितलं असतं. इथे तिच्याजवळचं सामान संपलं होतं आणि बाहेर धो धो पाऊस. सयाजी बराच वेळ चुलीपाशी बसून होता. मग छत्री घेऊन निघून गेला. अर्ध्या तासाने आला, कागदात गुंडाळलेला गठ्ठा त्याने लुगड्याखालून पलीकडे सरकवला.

“कुठलं लागतं ते मला ठाऊक नाय,” तो भिंतीकडे बघत म्हणाला. “दुकानात तीन प्रकार होते. तिन्ही आणलेत.”

पलीकडे कागद उलगडल्याचा आवाज झाला. मग निशा म्हणाली, “पप्पा, भात आहे का थोडा?”

त्यानंतर तिचं दहा पावलं पुढे चालणं कधी थांबलं ते दोघांनाही सांगता आलं नसतं. तिने दप्तर कसं टाकलं त्यावरून सयाजीला तिचा दिवस कळू लागला. हळू ठेवलं तर काहीतरी बिनसलंय. धाडकन टाकलं तर ठीक आहे, भूक लागलीय. मशीनवरून आल्यावर त्याच्या पोटऱ्यांत गोळे यायचे, तेव्हा ती पुस्तक मांडीवर ठेवून एका हाताने पाय दाबायची आणि दुसऱ्याने पानं उलटायची. तिच्या मैत्रिणींची नावं, कोणाचं कोणाशी वाजलं, कोणते सर वर्गात झोपतात, हे सगळं त्याला पाठ झालं. दर पंधरवड्याला रूपाली दूध, तांदूळ, हिरवी भाजी घेऊन जीपने खाली यायची. एकदा ती आली तेव्हा दोघं पोट धरून हसत होती.

“काय झालं गो?”

“काय नाय गं आई. बसमधला किस्सा. तुला नाय कळायचा.”

रूपाली हसली. तिने निशाचे केस विंचरून दिले, भांडी घासली, आणि दुपारच्या जीपने वर निघून गेली.

अकरावीच्या परीक्षेनंतरचा तो एप्रिल फार तापला. पत्र्याखाली खोलीत बसवत नव्हतं. एका सोमवारी वजनकाट्यावर सयाजी चार किलो जास्त भरला.

“सयाजीकाका, चार किलो?” वैदेही म्हणाली. “तीन दिवसांत? हे पाणी आहे सगळं. आज खूप काढावं लागेल, त्रास होईल.”

त्रास झाला. प्रेशर पडलं, उलट्या झाल्या, दोनदा मशीन थांबवावं लागलं. सुट्टी असल्यामुळे निशा बाहेरच बसून होती आणि तिला सगळं ऐकू येत होतं. बाटलीची रेघ तर तिने रोज स्वतः तपासली होती.

एस.टी. स्टँडवर येईपर्यंत ती बोलली नाही. मग भर स्टँडवर उभी राहून ओरडली, “तू पाणी प्यायलास!”

लोक वळून बघायला लागले.

“कुठे प्यायलास? सांग! मी रोज माप काढते, आणि तू माझ्याशी खोटं बोलतोस?”

“मोरीत,” तो हळू म्हणाला. “तोंड धुवाया जातो तवा. नळाखाली.”

“मरायचंय तुला?”

“तहान काय असते ती तुला नाय कळायची गो.”

गाडीत ती खिडकीकडे तोंड करून रडत राहिली. सयाजीला अंगात त्राण नव्हतं, पण त्याच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. पोरगी त्याला ‘तू’ म्हणाली होती. पोलादपूर येईपर्यंत तो मनातल्या मनात तेच ऐकत राहिला.

मंगळवारी सकाळी त्याने पाहिलं तर फळीवर दोन बाटल्या होत्या. दुसरीवरही नेलपॉलिशची रेघ. निशाने दिवसभर त्या बाटलीतलंच घोट घोट पाणी घेतलं, कपडे धुतले, दळण आणलं, उन्हातून दोनदा बाजारात गेली. दुपारी तीनला बाटली संपली. चारला तिचे ओठ चिकटायला लागले. साडेपाचला सयाजी बाहेरून आला तर ती मोरीत नळाला तोंड लावून पाणी पीत होती, आणि पिता पिता रडत होती.

“एक दिवसही नाही जमला,” ती म्हणाली. “एक दिवसही नाही जमला रे पप्पा.”

तेव्हा तो चिडला. तिने त्याला आजपर्यंत कधी रागावलेलं पाहिलं नव्हतं.

“येडी हायस काय? असं करत्यात? उन्हानं चक्कर येऊन पडली असतीस म्हंजे? माझ्यापायी तू असलं काय करायचं नाय, सांगून ठेवतो. एक थोबाडीत देईन.”

त्याने तिला थोबाडीत दिली नाही. लिंबाचं सरबत करून दिलं, आणि ती पीत असताना दुसरीकडे बघत बसला.

त्या दिवसापासून त्यांचा एक करार झाला. तहान फार लागली की चोरून प्यायचं नाही, निशाला सांगायचं. ती घोटभर पाण्याने चूळ भरायला द्यायची आणि मग बोलत बसायची. बोलण्यात अर्धा तास निघाला की तहान थोडी मागे हटायची. तिच्याकडचं संपलं की त्याला बोलायला लावायची. अशा रीतीने बावीस वर्षांची मुंबई हळूहळू त्या खोलीत आली. कँटीनचा तापट मुकादम, शिमग्याला सुट्टी नाकारली म्हणून मुद्दाम जाळलेली डाळ, पहिला पगार झाल्यावर घेतलेला आणि दुसऱ्याच दिवशी चोरीला गेलेला बूट.

बारावीच्या दिवाळीनंतर सयाजी उतरणीला लागला. मशीनवर असताना प्रेशर पडणं आता नेहमीचंच झालं. हृदय मोठं झालंय, असं डॉक्टर म्हणाले. किडनी बदलायची तर देणारं कोणी नव्हतं; रूपालीचा रक्तगट जुळला नव्हता, भावाला, रामाला, शुगर होती. निशाने एक दिवस वैदेहीला बाजूला घेऊन विचारलं, “अठरा पूर्ण झाल्यावर मुलगी देऊ शकते ना?”

वैदेहीने ते सयाजीला सांगितलं. त्या संध्याकाळी तो पीठ मळता मळता म्हणाला, “तुझ्या पोटाला चीर पाडून मला जगायचं नाय.”

“ते मी ठरवणार. जूनमध्ये अठराची होते. मग माझी सही चालते.”

“लगीन व्हायचंय तुझं.”

“नाही करणार लग्न. तू चपात्या करतोस, मी खाते. चाललंय की बरं.”

त्याने पुढे वाद घातला नाही. जून अजून पाच महिने लांब होता. पीठ पुरेसं मळून झालं होतं तरी तो मळत राहिला.

फेब्रुवारीत परीक्षा सुरू झाली. केमिस्ट्रीचा पेपर बुधवारी आला, अकराला. म्हणजे नेहमीचीच गाडी, त्याला सेंटरवर सोडायचं आणि तिने कॉलेजात जाऊन बसायचं. त्या दिवशी सयाजी जरा तरतरीत होता. गाडी सुटल्यावर तो बोलू लागला. पुढच्या सीटवरची म्हातारी कोंबडी घेऊन कुठे निघाली असेल, ती कंडक्टरला कोंबडीचं तिकीट काढू देईल का, असलं काहीबाही.

“गप बस ना रे जरा,” निशा वहीतून मान वर न करता म्हणाली. “मला वाचू दे.”

“वाच, वाच,” तो म्हणाला, आणि महाडपर्यंत गप्प बसला.

सेंटरच्या दारात तिने त्याची पिशवी त्याच्या उजव्या हातात दिली. “दोनला सुटेन. तोवर बाकावर बस, कुठे जाऊ नको.”

“कुठं जाणार? जा तू.”

ती गेली.

सव्वादोनला ती गल्लीत शिरली. पेपर बरा गेला होता. दोन अवघड गणितं बरोबर सुटली होती, ती त्याला सांगायची होती, म्हणजे तो काही न कळता “बरं झालं, बरं झालं” म्हणाला असता. बाक रिकामा होता. वैदेही दारात उभी होती. तिची ड्यूटी केव्हाच संपली होती, अंगावर घरचे कपडे होते, खांद्याला पर्स होती.

“आत ये निशा,” ती म्हणाली.

“पप्पा कुठे आहेत?”

“आधी आत ये. बस.”

“वैदेहीताई, पप्पा कुठे आहेत?”

वैदेहीने तिचे दोन्ही खांदे धरले. साडेअकराच्या सुमाराला, मशीनवर असतानाच, सयाजीचं हृदय बंद पडलं होतं. डॉक्टर लगेच आले होते, छाती दाबून, इंजेक्शनं देऊन पाऊण तास धडपड केली होती. रूपालीला फोन लागला होता, ती वरून निघाली होती.

“साडेअकरा?” निशा म्हणाली. “मी इथेच होते. कॉलेजात. पाच मिनिटांवर.”

“तू पेपरला बसली होतीस.”

“मला बोलवायचं होतं!”

दहा वर्षांच्या नोकरीत वैदेहीने पुष्कळ नातेवाइकांना अशा बातम्या दिल्या होत्या, पण या मुलीपुढे ती स्वतःच रडायला लागली.

त्याच संध्याकाळी कुडपणला त्याला अग्नी दिला. रामाचा मुलगा रितेश मुंबईहून पोचायला उशीर होता, थांबावं की नाही यावर वाद झाला, आणि शेवटी निशानेच मडकं खांद्यावर घेतलं. वाडीत असं पूर्वी झालं नव्हतं, पण कोणी आडवं आलं नाही.

अजून दोन पेपर बाकी होते. शनिवारी बायोलॉजी आणि मंगळवारी एक. शुक्रवारी निशाने सांगून टाकलं की ती आता परीक्षा देणार नाही. ती भिंतीला टेकून बसली होती आणि दोन दिवसांत तिने चहाशिवाय काही घेतलं नव्हतं. समाचाराला आलेल्या बायका म्हणाल्या, बरोबर हाय, सुतकात कसली परीक्षा, पुढच्या साली देईल.

“तिला धाडा,” साळूबाई आतून म्हणाली. म्हातारी मुलाच्या दिव्यापाशी बसली होती. “ह्या पेपरापायी तो रोज पहाटे उठत होता. मला म्हाईत हाय.”

“धाडा काय? एकटी पोर खाली कशी राहील?” एकीने विचारलं.

“मी जाते संगं,” रूपाली म्हणाली.

मग एकजण म्हणाली, “तू? दहावा नाय झाला अजून. घराबाहेर पाऊल टाकायचं नसतं बाय.”

रूपाली सासूकडे बघत राहिली. साळूबाईने दिव्यात तेल घातलं, वात पुढे सारली. “जा तू,” ती म्हणाली. “दिव्यापाशी मी हाय. बोलणारी माणसं माझ्याशी बोलतील.”

त्या दोघी दुपारच्या जीपने पोलादपूरला उतरल्या.

खोली बुधवारी पहाटे बापलेक सोडून गेली होती तशीच होती. दोरीवर सयाजीचा टॉवेल. रूपाली दीड-पावणेदोन वर्षं इथे येत होती, पण पाहुणीसारखी, तासा-दोन तासांसाठी. आता चूल पेटवायची तर काडेपेटी कुठे ते तिला ठाऊक नव्हतं. चहाची पूड कुठल्या डब्यात, पीठ कुठल्या, सगळं तिला मुलीला विचारावं लागलं. विचारताना तिचा आवाज दर वेळी आणखी लहान होत गेला. निशा पुस्तक उघडून बसली होती. पान मात्र उलटत नव्हतं. रूपालीने भाकरी केल्या, पिठलं केलं, आणि ताट पुढे ठेवलं.

“खा. उद्या लिहायचं तर खा.”

निशाने एक घास घेतला आणि मग सगळं खाल्लं.

शनिवारी रूपाली तिच्याबरोबर महाडला गेली आणि तीन तास कॉलेजच्या फाटकाबाहेर उन्हात बसून राहिली. मंगळवारीही तसंच. शेवटचा पेपर देऊन निशा बाहेर आली तेव्हा तिथे इतर मुलींचा गलका चालला होता. कोणी रंग उधळत होतं, कोणी फोटो काढत होतं. त्या दोघी चालत स्टँडवर आल्या आणि गाडीची वाट बघत सिमेंटच्या बाकावर बसल्या.

रूपालीने विचारलं, “तुम्ही दोघं एवढं काय बोलायचात गो?”

“काय पण.”

“काय पण म्हंजे?”

रूपाली पदराच्या टोकाला पीळ देत राहिली.

“लग्नाला एकोणीस वर्षं झाली माझ्या,” ती म्हणाली. “दिवस मोजले तर वर्षभर तरी एका घरात राहिलो असू की नाय, देव जाणे. आला की दोन दिवस लाजायचा, मग ओळख व्हायची, की जायचा दिवस यायचा. तिकडं काय खातो, कुणाशी बोलतो, मला कधी विचारता नाय आलं. आजारी पडला तवा वाटलं, आता तरी राहील संगं. तर मीच धाडला.”

“आई.”

“मी तुझ्यावर जळायची गो. पोटच्या पोरीवर. जीपमधनं वर जाताना.”

निशाने तिच्याकडे पाहिलं. आई असं कधी बोलेल असं तिला वाटलं नव्हतं. ती जवळ सरकली.

“तुझ्याबद्दल पण बोलायचा,” ती म्हणाली.

“उगा माझ्या समाधानासाठी सांगू नको.”

“उगा नाय. तो तुला घाबरायचा.”

“मला?”

“मुंबईवरनं गणपतीला यायचा ना, तेव्हा पोलादपूरला उतरला की पहिली जीप सोडून द्यायचा. टपरीवर बसायचा तास-दोन तास. घरी गेल्यावर तुझ्याशी काय काय बोलायचं ते ठरवायला. मनात सगळं पाठ करायचा. आणि दारात तू दिसलीस की सगळं विसरायचा.”

रूपाली टक लावून बघत राहिली.

“मला वाटायचं दारू पीत बसतो खाली,” ती म्हणाली. “दर साली उशीर. मी तोंड वाकडं करूनच पाणी द्यायची त्याला.”

“दारू नव्हता पीत. चहा प्यायचा. मला म्हणाला, तीन-तीन कप प्यायचो.”

“आणि मी,” रूपाली म्हणाली, आणि थांबली. “मी पण ठरवून ठेवायची गो. आठ दिवस आधीपासनं. भांडी घासताना, म्हशीमागं जाताना. हे सांगायचं, ते सांगायचं. आणि तो आला की विचारायची, प्रवास बरा झाला ना.”

पोलादपूरची गाडी लागली. लोक उठून धावले. निशाने आईच्या हातातली पिशवी घेतली आणि तिला पुढे करून चढवलं. दोघींना मागच्या बाजूला जागा मिळाली. सयाजी गेल्यापासून रूपाली रडली नव्हती. वाडीतल्या बायका त्याबद्दल आपापसात कुजबुजल्याही होत्या. गाडी गावाबाहेर पडून हायवेला लागली तेव्हा ती रडू लागली, आवाज न करता, तोंडात पदर धरून. कंडक्टर तिकिटाला आला. निशाने दोन पोलादपूर मागितली, एक हात आईच्या पाठीवर तसाच ठेवून.